शेंगांच्या दिवसांतली पारख

कार्तिक सरत आला की बंगळुरात शेंगांचा वास सुटतो. तिकडे बसवनगुडीत शेंगांची परिषे भरते. परिषे म्हणजे आपली जत्राच. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी अख्खं शहर टरफलांवरून कुरकुर करत चालतं. मी राहतो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला, मुलाच्या फ्लॅटवर, इतक्या वरच्या मजल्यावर की घारी खिडकीतून आत बघून दमलेल्या तोंडानं परत फिरतात. एवढ्या उंचीवर शेंगांचा वास पोचू नये. पण पोचतो. काल सूनबाईंनी ओल्या शेंगा आणल्या, मीठ घालून कुकरला लावल्या, आणि शिट्टी व्हायला आणि खाली बास्केटबॉलच्या कोर्टावर चेंडू आपटायला एकच गाठ पडली. धप्. धप्. धप्. मी खुर्चीत बसल्या बसल्या कानापर्यंत तापलो.

"बाबा, बीपी वाढलं का?" सून म्हणाली.

बीपी कुठलं? लाज होती ती. माझी ही लाज हंगामी आहे. वर्षभर कुठे दडी मारून बसते कोण जाणे, शेंगा आल्या की हजर.

शेंगा खिशात घालून मी खाली गेलो. कोर्टाशेजारच्या बाकावर पाच-सहा पोरं बसली होती. ही पोरं खेळत नाहीत, खेळणाऱ्यांची मापं काढतात. पुढच्या महिन्यात कॉलेजांचे सामने सुरू होणार, म्हणून आत्तापासून पंचनामा चालू. हा स्लो आहे. त्याचा डावा हात झीरो. तो तिसरा नुसता केस उडवतो. मी बाजूला बसून ऐकलं आणि मनात म्हटलं, अरेरे, काय ही कच्ची पारख! एकानं तरी खेळाडूची पोटरी वाजवून बघितली का?

आमच्या कॉलेजच्या कोर्टाला लागून एक करंज होता. बंगळुरात त्याला होंगे म्हणतात. त्याच्या बुंध्याभोवती दगडी कट्टा, आणि कट्ट्यावर पारखी मंडळी. कापडाच्या दुकानात गज जाऊन मीटर यायची बोलणी चालली होती, तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरातली गार संध्याकाळ, डोक्याला मफलर, मांडीवर शेंगांचा पुडा, आणि समोर आम्ही बारा-पंधरा पोरं उघड्या पायांनी कुडकुडत पळतोय. कट्ट्याखाली टरफलांचा एवढा ढीग साठायचा की एकदा एका धनगराची शेळी त्यात शिरली ती संक्रांतीला बाहेर आली. शपथेवर सांगतो.

कट्ट्याचे मुख्य न्यायाधीश नंजुंडय्या. निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यात बास्केटबॉलला त्यांचं बोट लागलं नव्हतं, पण टपाल जसं कोणत्या खणात जायचं तसा खेळाडू कुठे उभा करायचा हे त्यांना एका नजरेत कळायचं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आवाज असा, की त्यांनी "फाउल!" म्हटलं की कँटोन्मेंट स्टेशनात सुटलेली गाडी थांबायची. गार्डला वाटायचं, आपल्यालाच ओरडतायत.

दुसरे तुळजोजीमामा. आईचे लांबचे भाऊ. आमच्यासारखेच कित्येक पिढ्या कर्नाटकात मुरलेले मराठी, पेठेत भांड्यांचं दुकान. जन्मभर तांब्यापितळेला टिचकी मारून पारखल्यामुळे ते माणसालाही टिचकीच मारायचे. पोराला जवळ बोलवायचे, "फिर पाठमोरा," म्हणायचे आणि पोटरीवर टक्कन टिचकी. मग डोळे मिटून ऐकायचे. "बद्द वाजतं रे. ह्याला आतून कुठंतरी पोचा आहे." आणि सांगतो, आठवड्याच्या आत त्या पोराची पोटरी धरायची!

परिषेच्या आदल्या रविवारी कट्ट्यावर शेवटची पारख. रिवाजच होता तो. एकेका खेळाडूला झाडाखाली बोलवायचं आणि त्याच्या तोंडावर त्याचं काय ते सांगून टाकायचं. घाटीच्या जनावरांच्या जत्रेत बैलाचे दात बघतात तसं. आमचे ड्रिलमास्तर त्या वेळी झाडाआड वाकून बुटाची नाडी बांधत उभे असायचे. कट्टा काय बोलतो त्याच्याशी आपला संबंध नाही, असं ते दाखवायचे. त्यांची एक नाडी बांधायला तास लागायचा. आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर लागायचे ते पाच जण कट्ट्याचे असायचे.

त्या वर्षीची पारख मला अजून पाठ आहे. आमच्या कॅप्टनबद्दल नंजुंडय्या म्हणाले, "खेळ उत्तम. पण चेंडू देत नाही. घरी एकुलता एक आहे, वाटून खायची सवय नाही. त्याला आधी शेंगा वाटायला लावा." आणि खरंच त्याच्या हातात पुडा दिला! कॅप्टन तोंड पाडून सगळ्यांना शेंगा वाटत फिरला. दुसऱ्या एकाबद्दल, "ह्याचा नेम सोन्यासारखा. फक्त मुलींचं कॉलेज सुटायच्या वेळेला चेंडू हातातून निसटतो. सामना लवकर ठेवा, सरी होईल, ठीक होईल." तो पोरगा लाजून असा लाल झाला की मामांनी त्याच्यावर हात शेकले.

आणि मग मी.

कट्ट्यानं मला नाव ठेवलं होतं तेंगिनमर. कन्नडात नारळाचं झाड. उंची होतीच तशी. दारातून जाताना मी वाकायचो नाही, चौकटच भिऊन वर सरकायची. पतंगबाज पोरं तारेला अडकलेले पतंग काढायला मला घरून बोलवायला यायची. पण रुंदी विचाराल तर सूर्य कलला की माझ्यापेक्षा माझी सावली जाड.

"उंच आहे," नंजुंडय्या म्हणाले. "पण नारळाचं झाड चालत नाही, अप्पा. उभं राहतं."

"वारा आला की हलतो की," कोणीतरी म्हणालं.

"आणि ती चड्डी बघा! बापाचं कापडाचं दुकान, आणि पोराला वीतभर कापड मिळेना!"

कट्टा हसला. मी खाली बघितलं. चड्डी होतीच तशी आखूड. आमच्या घरात सगळ्यांचंच सगळं आखूड असायचं. सदऱ्याच्या बाह्या कोपराला यायच्या, बहिणीचे परकर पिंढरीला. आणि हसणाऱ्या कट्ट्याच्या अगदी टोकाला, काळा कोट, धोतर, डोक्याला रुमाल, हातात छत्री, असे माझे वडील बसले होते.

त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. पेठेतही सगळे अण्णाच म्हणायचे. फक्त नंजुंडय्या अदबीनं "रायरे" म्हणायचे, म्हणजे रावसाहेब. अण्णांचा लोखंडी गज पेठेत प्रसिद्ध होता. दुसऱ्या दुकानातून घेतलेलं कापड लोक आमच्या दुकानात आणून मोजायचे, आणि अण्णा बिनतक्रार मोजून द्यायचे. जावयाचा धोतरजोडा असो की गिऱ्हाइकाचं खादीचं पटकूर, गज तोच. दुकान बंद केलं की ते कट्ट्यावर यायचे, टोकाला बसायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. खेळातलं त्यांना काही कळत नसावं असं मला वाटायचं. माझा बाप मला बघायला येतो याची मला तेव्हा लाज वाटायची आणि तो आला नाही तर चैनही पडायचं नाही. त्या वयात या दोन्ही गोष्टी एका खिशात मावतात.

चार जागा ठरल्या. पाचव्या जागेवर घोडं अडलं. एकीकडे मी, दुसरीकडे मुनिराजू. होसकोट्याचा. आज होसकोट्याला धुराडीच धुराडी झालीयत, तेव्हा नुसती नाचणीची शेतं होती, आणि हा पोरगा पहाटेच्या बसनं नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडलेल्या पिठाचे गोळे, खाऊन कॉलेजला यायचा. बुटका, खांदे असे की बस बंद पडली तर ड्रायव्हर आधी त्याच्याकडे बघायचा. कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही. मला तो आवडायचा, हीच पंचाईत होती.

त्यात मी गल्लीभर सांगून बसलो होतो की मी पाचांत आहे म्हणून. गल्लीत म्हणजे दूधवाल्याला, न्हाव्याला, आणि शेजारच्या अक्कांना. अक्कांना सांगितलं म्हणजे देवनहळ्ळीपर्यंत पोचलं. त्यांनी तर गणपतीला नारळ बोलला होता.

कट्ट्याचे दोन तुकडे झाले. अर्धे म्हणत उंची हवी, अर्धे म्हणत ताकद हवी. बराच वेळ हमरीतुमरी झाली. झाडाआड ड्रिलमास्तर आता दुसऱ्या पायाच्या नाडीवर आले होते. शेवटी नंजुंडय्यांनी हात वर केला आणि कट्ट्याच्या टोकाकडे वळले.

"रायरे, नीवु हेळि. तुम्ही सांगा."

"अहो, बापाला काय विचारता?" मामा ओरडले. "घरच्या माणसानं बोलायचं नाही, हा कट्ट्याचा नियम आहे."

"नियम आपल्यासारख्यांना," नंजुंडय्या म्हणाले. "ह्यांच्या गजाला घरचं-दारचं नाही. ह्यांनी सांगितलं की झालं."

अण्णांनी छत्रीच्या टोकानं खालची टरफलं जरा बाजूला सारली. माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हणत होतो, खोटं बोलू नका, पण स्वल्प तरी तिरका धरा गज. एकदाच.

"मुनिराजू," अण्णा म्हणाले.

बस्स. एवढंच. झाडाआड ड्रिलमास्तरांनी नाडीला गाठ मारली आणि ताठ उभे राहिले.

आत्तापर्यंत मी पुष्कळ लाजिरवाणे प्रसंग झेलले आहेत. भर लग्नात माझं धोतर सुटलंय, मोठ्या साहेबाला मी शिपाई समजून चहा आणायला सांगितलाय. पण ते सगळे हसून सांगता येतात. त्या संध्याकाळी मला वाटलं, आपण इतके उंच नसतो तर बरं झालं असतं, लपायला जागा तरी मिळाली असती. मुनिराजूनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यालाही लाज वाटत होती, जिंकल्याची.

घरी जाताना अण्णा पुढे, मी मागे. वाटेत त्यांनी गाडीवरून शेंगा घेतल्या, मला देऊ केल्या. मी घेतल्या नाहीत. दारात अक्का उभ्याच. "काय रे, नारळ फोडू ना?" अण्णा खाली मान घालून आत गेले. मी म्हटलं, "अक्का, नारळाची चटणी करा." आणि माडीवर जाऊन बसलो.

त्यानंतर मी अण्णांशी बोलणं टाकलं. म्हणजे मी टाकलं, पण ते मुळातच इतकं कमी बोलायचे की त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे! रोज सरावाला जायचो, पाचांबाहेर बसायचो. अण्णाही रोज यायचे. मला वाटायचं, आता कशाला येता? माप तर घेऊन झालं. कोर्टावर दव पडायचं, कातड्याचा चेंडू ओला होऊन उखळीसारखा जड व्हायचा, तो छातीवर आदळला की मी मनात म्हणायचो, घ्या, बघा, बघा ना.

शेवटी एका दुपारी मी मामांच्या दुकानात गेलो आणि हंड्या-घागरींच्या मध्ये बसून जे काय बोलायचं ते बोललो. बाप असा असतो का? परक्या पोराला चांगलं म्हणायला जीभ वळते, स्वतःच्या पोराला नाही? मामा एका तांब्याच्या बंबाला चिंच लावून घासत होते. घासता घासता म्हणाले, "त्यानं तुला वाईट म्हटलं का?"

"मुनिराजू म्हटलं!"

"मग? मुनिराजूला त्यानं बघितलं होतं. तुला बघितलंच नाही, तर तुझं कसं सांगणार?"

"रोज येऊन बसतात की!"

"बसतो. बघत नाही. मी शेजारी असतो ना. चेंडू तुझ्याकडे आला रे आला, की तुझा बाप स्वतःच्या चपला बघतो. तुझ्याकडून गेला, की मान वर. बाकी सगळ्यांचा खेळ त्यानं बारकाईनं बघितलाय. तुझा एकट्याचा नाही."

"का पण?"

मामांनी बंब खाली ठेवला. तुझ्या आधी एक मुलगा होता, माहीत आहे ना, म्हणाले. माहीत होतं तेवढंच, होता आणि गेला. घरात त्याचं नाव निघायचं नाही.

"फार गोंडस होता रे. लौकर पाय फुटले. तुझ्या बापाला काय कौतुक! दुकानाच्या फळीवर उभा करून गिऱ्हाइकांना दाखवायचा. एकदा सगळ्यांसमोर गज लावून मोजला, म्हणाला, बघा, ह्या वयात केवढा! आठवड्यात ताप आला आणि पोर गेलं. तापानं गेलं. सगळी पेठ तापली होती त्या वर्षी. पण तुझ्या बापानं धरलं की माझीच नजर लागली. तेव्हापासून त्यानं तुम्हा भावंडांना कौतुकानं बघितलं नाही की गज लावला नाही. कापड कापतो ते अंदाजानं. तेही कमीच कापतो, पोर वाढलंय हे गजालासुद्धा कळू नये म्हणून."

मी घागरींच्या मध्ये बसून राहिलो. आखूड बाह्या, आखूड परकर, आखूड चड्डी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. आणि मला हायसं वाटायच्या ऐवजी पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली. पहिली लाज निदान रागाला टेकून उभी होती. हिला टेकायलाही काही नव्हतं.

सामने सुरू झाले. मुनिराजू असा खेळला की नंजुंडय्यांनी त्याच्यात एकही खोट काढली नाही, आणि त्यामुळे त्यांनाच दोन दिवस अस्वस्थ वाटलं. मग आला कँटोन्मेंटच्या कॉलेजाशी सामना. ती पोरं पांढरे बूट घालून यायची आणि इंग्रजीत घाम पुसायची. सामना आमच्याच कोर्टावर. झाडावर माणसं, कंपाउंडवर माणसं, एक जण तर दिव्याच्या खांबाला मिठी मारून होता, त्याला नंतर उतरवायला बंब बोलवावा लागला. शेवटची काही मिनिटं उरली असताना मुनिराजूला पाचवा फाउल मिळाला आणि तो बाहेर गेला. ड्रिलमास्तर माझ्याकडे वळले. "होगो, तेंगिनमर. जा."

मी गेलो. कसा खेळलो? खेळलो बुवा. एक-दोन चेंडू रिंगेत पडलेसुद्धा. दर वेळी मी डोळ्याच्या कोपऱ्यातून कट्ट्याचं टोक बघत होतो. रुमालाचा शेंडा दिसायचा, तोंड दिसायचं नाही. मान खाली. अगदी शेवटी, एका गुणानं आम्ही मागे असताना, मला रिंगेखाली ढकललं गेलं आणि फ्री थ्रो मिळाले. दोन. एक पडला तर बरोबरी, दोन पडले तर सामना आमचा. मी रेघेवर उभा राहिलो. अख्खं कोर्ट गप्प. आणि त्या शांततेत मामांचा आवाज आला.

"बघ की रे! वाघासारखं पोर उभं आहे, आता तरी बघ!"

मी वळून बघितलं. मामांनी अण्णांची हनुवटी धरून मान वर केली होती. आणि अण्णा माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच. अशा नजरेनं, की मला वाटलं माझ्या अंगावर काहीच कपडे नाहीत.

पहिला चेंडू मी मारला, तो रिंगेला लागलाच नाही. दुसरा रिंगेला लागला, काठावरून फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी वाजली. कँटोन्मेंटची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली.

मी तिथेच उभा. आता कट्टा काय म्हणतो ते ऐकायची तयारी करत होतो. तर काय बघतो, कट्ट्यावर अण्णा उभे राहिलेले. कधी न बोलणारा माणूस, छत्री बगलेत, हात जोडलेले.

"तप्पु नंदु," ते म्हणाले. चूक माझी. "त्याचं काही नाही. मी वर बघितलं."

मला वाटलं आता हे सगळे हसतील, टरफलं फेकतील. कोणी हसलं नाही. नंजुंडय्यांनी, रोज इंग्रजी पेपर वाचणाऱ्या नंजुंडय्यांनी, मान डोलावली आणि दुःखानं विचारलं, "मग कशाला बघितलंत, रायरे?"

"हनुवटी मी धरली होती," मामा पुटपुटले. "म्हणजे अर्धी चूक माझी."

मी धावत कट्ट्यापाशी गेलो. "अहो, चेंडू ओला होता! माझं कोपर बाहेर गेलं! अण्णा, तुमचा काय संबंध?"

"तू गप्प बस," अण्णा म्हणाले. "तुला काय कळतं."

सगळ्या कट्ट्यानं माझ्याकडे असं बघितलं, की पोर बिचारं बापाला सांभाळून घेतंय. माझी चूक माझ्या हातून काढून घेतली त्यांनी. किती म्हटलं तरी परत मिळाली नाही.

घरी आल्या आल्या अण्णांनी आईला दृष्ट काढायला लावली. मीठ, मोहरी, मिरच्या. आईनं मूठभर घेतल्या तर म्हणाले, आणखी घे. चुलीत टाकल्या तेव्हा असा खाट उठला की शेजारच्या अक्का ठसकत रस्त्यावर आल्या, रस्त्यातला टांग्याचा घोडा शिंकला. खाट आला नाही तर नजर भारी होती असं मानतात. अण्णांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक गळत होतं, छाती खोकून खोकून दुखायची वेळ आली होती.

"बघ," कोटाच्या बाहीनं डोळे पुसत ते आईला म्हणाले, "ठसका येतच नाही."

पुढच्या वर्षी शेंगा आल्या तेव्हा कट्ट्यानं मला एकमतानं पाचांत घेतलं. मुनिराजूलाही घेतलं. फक्त नंजुंडय्यांनी एक अट घातली, आणि ती मला नाही, अण्णांना. ती अण्णांनी अशा आनंदानं मान्य केली की जणू आपणच सुचवणार होतो. त्या वर्षी सरावाला आणि सामन्यांना अण्णा कट्ट्याच्या टोकाला बसले ते रस्त्याकडे तोंड करून. कोर्टाकडे पाठ.

विचार करा. सगळा कट्टा इकडे बघतोय, आणि एक माणूस तिकडे. जाणारे-येणारे थांबून त्यांच्याकडे बघायचे. कँटोन्मेंटची पोरं सामन्याला आली तेव्हा ओरडली, "अरे, ह्या आजोबांना कोणी उलटं बसवलं?" त्यांचं सगळं कॉलेज हसलं. एकानं तर जवळ जाऊन अण्णांना विचारलं, बसची वाट बघताय का. अण्णा म्हणाले, "हो." मी कोर्टाच्या मधोमध उभा होतो. कान असे पेटले की त्यावर कोणी विडी शिलगावली असती. एका बाजूला त्या पोरांच्या नाकावर चेंडू मारावासा वाटत होता, दुसऱ्या बाजूला वाटत होतं की हा माणूस माझा कोणी नसता तर! आणि तसं वाटल्याची लाज ती वेगळीच.

त्या दिवशी मी किती गुण केले ते सांगत नाही. तुमचा विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचाही हळूहळू उडत चाललाय, कारण दर वर्षी ते वाढतात. पण एक गोष्ट मी वाढवून सांगत नाही, वाढवता येतच नाही. चेंडू जाळीतून खाली पडला की समोरचे सगळे चेहरे एकदम उघडायचे, तोंडं, हात, मफलर. त्या सगळ्यांत ती काळ्या कोटाची पाठ तशीच्या तशी. मग मामा वाकून तिच्या कानात काहीतरी सांगायचे. मग ती पाठ जराशी ताठ व्हायची. पाठीला बातमी उशिरा पोचायची. मी चेंडू मारून झाल्यावर पळायचो नाही, ती पोचेपर्यंत थांबायचो. ड्रिलमास्तर किंचाळायचे, "ओडो! पळ!" आणि मी नारळाच्या झाडासारखा उभा.

सामना आम्ही जिंकलो. अंधारायच्या आत घरी आलो, अण्णा पुढे, मी मागे. त्या वेळी शेंगा मी त्यांच्या हातातून घेतल्या. आई दारातच होती. अण्णांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, कोट काढून खुंटीला लावला, रुमाल उतरवून गुडघ्यावर नीट घडी घातली.

"कसा खेळला?" आईनं विचारलं.

अण्णा घडीकडे बघत म्हणाले, "चांगला खेळला म्हणे."